उजव्या बाजूची मिशी

—नको नको, भिंतीला टेकवू नको, आडवं ठेव टेबलावर, काच सैल आहे त्याची. हां, अस्सं. बस त्या स्टुलावर, रंग वाळलाय. भुसावळहून बसनं हे एवढं पोस्टर मांडीवर घेऊन आलीस? कमाल आहे, माय, तुझी. बेबावहिनी गेल्याचं मला तेराव्याला कळलं, नाहीतर आलो असतो — आलो नसतो खरं म्हणजे, पण जाऊ दे ते. तर काय म्हणालीस? आईच्या फोटोशेजारी बापाचा लावायचाय, आणि चेहऱ्याचा रंग उडालाय तेवढा भरून द्या. बरोबर आहे तुझं. दुसरा फोटोच नाही तोतारामचा. लग्नात फोटोवाला सांगितला होता, तर त्याचा रोलच खराब निघाला. आणि नंतर कोण फोटो काढतंय? मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर ग्रीसमध्ये.

'जळगाव ते धुळे, भव्य मोटारसायकल शर्यत' — अक्षरं बघ कशी राहिलीत! चाळीस वर्षं झाली, अजून कोणी माझ्या अक्षराला नाव ठेवू दे. चेहरा गेला तो वहिनीच्या हातानं. काच नव्हती तेव्हा कागदावरच गंध लावायची, रोज ओल्या फडक्यानं पुसायची — कपाळ गेलं, गाल गेले. मिशी राहिली फक्त. काळा रंग पक्का असतो.

हात? हात चालतो की माझा, परवाच असोद्याच्या मारुतीचे डोळे भरून आलो. हाताचं नाही गं. समोर काही पाहिजे ना बघायला. मी काही मनानं काढणारा नाही, बघून काढणारा — हो, हेही बघूनच काढलं होतं — नाही, तो नव्हता बसला समोर. म्हणजे बसला होता, चहा पीत, पण —

आता विचारतेस तर ऐक. रद्दीत एक परदेशी मासिक मिळालं होतं. त्यात शर्यतवाला, गोरा, चष्मा कपाळावर चढवलेला. इटलीचा की जर्मनीचा, देव जाणे. तो उतरवला मी, जसाच्या तसा. रुपचंदशेठ, ज्यानं शर्यत भरवली, तो बघून म्हणाला, निंबा, हा तर बाईसारखा दिसतो, मिशी लाव, आपल्याकडचा वाटू दे. आणि दुकानात तोताराम बसलेला. वेल्डिंगची ठिणगी उडून त्याची उजव्या बाजूची मिशी जळाली होती, अर्धीच उरली होती. मला गंमत वाटली. गंमत म्हणून, माय, देवाशपथ, दुसरं काही नाही. ती अर्धी मिशी मी त्या गोऱ्याला लावली.

झालं! पोस्टरं लागली आणि गावानं मिशी ओळखली. जो तो गॅरेजवर येऊन म्हणे, तोताराम, तू तर पहिला आलास! तो तर शर्यतीत नव्हताच, तो दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून देत होता. आधी हसला. मग हसेना. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला, "निंबाभाऊ, बठ्ठा गाव देखी राहिना, आते मांगे कसा फिरू?" सगळं गाव बघतंय म्हणे, आता माघार कशी घेऊ. एका गिऱ्हाइकाची राजदूत मोटारसायकल मागून आणली होती त्यानं. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, जा, लाज राख माझ्या पोस्टरची. पारोळ्याच्या अलीकडच्या वळणावर वाळू पडलेली होती. तू तेव्हा पोटात होतीस, सातवा महिना.

वहिनीला? वहिनीला कसं नाही कळणार, नवरा तिचा! त्याच्या वर्षश्राद्धाला मी गेलो तर भिंतीवर हे, हार घातलेला. तीच म्हणाली, "हाऊ त्यासना चेहरा नही शे, निंबाभाऊ, माले माहीत शे. पण पोरले बाप म्हनीसन काहीतरी देखाले पाहिजे. तिले सांगू नका."

सांगू नका म्हणाली होती. चाळीस वर्षं तिनं गंध लावलं, एक शब्द नाही बोलली, आणि मी — अरे देवा. तू चेहरा भरायला आली होतीस, मयुरी, मी होता तोही पुसला.

नाही. नाही आठवत. तुला काय वाटतं, मी प्रयत्न नाही केला? कितीदा पेन्सिल घेऊन बसलो. डोळे मिटले की हाच गोरा येतो, तोतारामची मिशी लावून. त्याला ओळखणारं बाकी कोण राहिलंय? रुपचंदशेठ गेला, वहिनी गेली. मी एकटा उरलो, आणि माझ्याकडे तो नाही.

मिशी खरी आहे. तेवढी तुझ्या बापाची.

हळू — हळू, काचेखालून मिशीला बोट लावू नको, कापेल, सैल आहे म्हटलं ना मघाशी. आता उचल ते. जा, माय. पाचची बस जाईल तुझी.