हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही
डब्लिनमध्ये नवीन आलेल्या माणसानं कसं वागायचं, ते मला विचारा. इथलं निम्मं मराठी मंडळ माझ्याच टिपांवर जगतंय! साताऱ्याहून सासरे आले, त्यांनाही पहिल्याच दिवशी पढवलं. "आबा, हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. आणि उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी आबा चालायला म्हणून गेले, ते दोन तास पत्ताच नाही. मोबाइल घरी. मी आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सूनबाई, मी मेनूथला आहे. एका पोरीचा फोन घेतलाय."

"मेनूथ? अहो, ते गावाबाहेर! तिकडे कशाला गेलात?"

"मी कुठं जात होतो? बसस्टॉपपाशी उभा होतो, रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्याला रामराम करायला हात वर केला, तर बस थांबली. ड्रायव्हरनं हसून दार उघडलं. एवढी बस माझ्यासाठी थांबवली बिचाऱ्यानं, त्याला नाही कसं म्हणायचं? तू दिलेलं बसचं कार्ड खिशात होतंच, चढलो."

"मग पुढच्या स्टॉपला उतरायचं ना!"

"ते तू कुठं सांगितलं होतंस?" आबा म्हणाले. "पण काळजी करू नकोस, थँक्यू म्हटलंय."