गुरुजींनी वसवलेलं गाव

पारोळ्याच्या स्टँडवर कलाबाई धुळ्याच्या गाडीसाठी रांगेत उभ्या होत्या. पुढच्या नर्सबाईंनी एका म्हाताऱ्या गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि बोलणं सुरू झालं.

"गुरुजी, तुमची कादंबरी वाचली."

"वा, लता! आवडली का?"

"गाव झकास वसवलंय. देऊळ, चावडी, शाळा. गिरणीवाल्याच्या पोपटालासुद्धा नाव आहे."

"पोपट सगळ्यांनाच आवडला बघ."

"आमचा बौद्धवाडा कुठंय त्यात?"

"अगं, ते काल्पनिक गाव आहे."

"म्हणून तर राग आला! खऱ्या गावात आम्हाला ओढ्यापलीकडं ठेवलं, ते दुसऱ्यांनी. हे गाव तर तुमच्या एकट्याच्या हातात होतं. चावडीशेजारी घर दिलं असतं, तरी कोण अडवणार होतं तुम्हाला?"

"पोरी, माझ्या मनात तसं काहीच नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. सात वर्षं तुमच्यासमोर पहिल्या बाकावर बसले, गुरुजी. तरी तुमच्या मनातच नव्हतो आम्ही."

गाडी येऊन लागली. रांग हलली, गुरुजी हलले नाहीत.

"आबा, गाडी उनी ना," कलाबाई मागून हळूच म्हणाल्या.

लतानं गुरुजींची पिशवी उचलली. "चढा आधी तुम्ही," ती म्हणाली. आवाजातला राग तसाच होता.