परवाचा बांगडा

माझ्या पहिल्या नोकरीचं विचारताय ना, मग आमच्या आईपासून सुरुवात करायला हवी. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन मी मिरकरवाड्यातल्या एका मासळी कंपनीत मुलाखतीला गेलो. आईला बंदरावर मासळी घ्यायची होती, म्हणून तीही आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली.

साहेबांनी माझ्यापुढे एक बांगडा ठेवला. "ताजा आहे का, सांगा."

मी हातमोजे चढवले, कल्ले उघडले, डोळे पाहिले, थर्मामीटर लावला आणि म्हणालो, "एकदम ताजा, सर."

बाकावरून आई म्हणाली, "मेल्या, परवाचा आहे तो. बर्फाने चकाकतोय नुसता."

साहेब हसले नाहीत. "परवाचाच आहे," म्हणाले आणि त्यांनी खुर्चीच तिच्याकडे वळवली. "काकी, उद्यापासून कामाला येता का?"

आई म्हणाली, "येईन. पण सोमवारी आणि गुरुवारी मी मासळीला हात लावत नाही."

साहेब विचारात पडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तर अशी मला नोकरी लागली. आठवड्यातून दोन दिवस, आईच्या बदली. अट एकच होती, शंका आली की घरी फोन करायचा.