बाविसावं पान

नाही, पण तुम्हीच सांगा, पंप ठेवायचा तरी कुठे? पूल घ्यायचं ठरलं तेव्हा पंपाचा विषयही कोणी काढला नव्हता हो... पूल म्हणजे तो, मागच्या अंगणात जमिनीवरच उभा करायचा स्विमिंग पूल, गोल, निळा, चार फूट उंच. आमची ठकी तीन वर्षांची, कड तिच्या डोक्याच्या वर वीतभर, म्हणजे ती चढणारच नाही, असं आमच्या ह्यांनी सिद्ध केलं, आणि मीही चांगली एम.एस्सी. झालेली बाई, मान डोलावली.

मग खोक्यातून निघाला पाणी गाळायचा पंप. स्टुलाएवढा. नळी आखूड, म्हणून ह्यांनी तो पुलाला अगदी खेटून ठेवला आणि म्हणाले, "बघ, कसा मापात बसला." मी टॉवेल आणायला आत गेले, खिडकीतून सहज पाहिलं, तर ठकी पंपावर उभी, कोपरं कडेवर, पाण्याशी गप्पा मारतेय. मी तिथवर कशी पोचले ते मला आजही सांगता येणार नाही, टॉवेल मात्र संध्याकाळी फ्रीजमध्ये सापडला.

मग पुस्तिका उघडली. पंप पुलाला खेटून ठेवू नये, मुलं त्यावर पाय देऊन चढतात, हे लिहिलंय बाविसाव्या पानावर. पहिल्या पानावर काय, तर हसणारं कुटुंब. त्या चित्रात पंप दिसतच नाही. त्यांनाही कळलं नसणार, ठेवायचा कुठे.

लांब नळी आणली. पंप मागच्या दाराशी, तर सासूबाई म्हणाल्या, "मी अडखळून पडले म्हणजे? आणि एवढं काय घाबरायचं गं, आमच्या वेळी मुलं नदीत पोहायची."

म्हटलं, "सगळी परत यायची का, आई?"

"बहुतेक," म्हणाल्या.

आता सांगा, ठेवायचा कुठे? ह्यांनी एक्स्टेंशन बोर्ड ओढत पंप पार कुंपणाच्या कोपऱ्यात नेला. नशीब, वायरमनला आधीच बोलावलं होतं. तो आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ताई, ओल्या गवतात बोर्ड कोणी ठेवला?" मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे आकाशाकडे. "असू दे की," वायरमन म्हणाला, "फक्त पुढच्या वेळी मला बोलावू नका. मी जिवंत माणसांचीच कामं घेतो."

त्याने भिंतीवर उंच प्लग दिला, करंट जरा गळला की आपोआप बंद होणारं बटण लावलं, नळी जमिनीखालून नेली, आणि पंप गेला पुलापासून बारा फुटांवर, सिमेंटच्या ओट्यावर, बोल्ट मारून, वर छोटंसं छप्पर. बारा फूट मी सहा वेळा मोजले. सहाव्यांदा ह्यांनी टेप लपवली. कुंड्या हलवल्या, बादली हलवली, ठकीची सायकल तर थेट माळ्यावर. आणि मग, तुम्हाला सांगते, कितीतरी दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त लक्ष ठेवायचं, म्हणून एक खुर्ची आणली, पुलाला लागून ठेवली आणि बसले.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, दूध उतू जातंय!" मी उठले, दारापर्यंत गेले, वळून पाहिलं... खुर्चीवर ठकी. कोपरं कडेवर. एक पाय हवेत. धावत जाऊन उचलली तर वर मलाच सांगते, "आई, हा पंप छान आहे."

माझी खुर्ची. मीच आणलेली. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून पुलावर झाकण, खुर्ची कुलपात. पोहायच्या वेळी मी पुलाशी उभी असते. पाय दुखले म्हणून परवा तिथेच खाली टेकले, तर ठकीने शांतपणे माझ्या मांडीवर एक पाय दिला, खांद्यावर दुसरा...

पंपाचं झालं हो, तो सावलीत बसलाय मजेत. आता मला ठेवायचं कुठे? बाविसावं पान मी दोनदा वाचलं. त्यात माझं काहीच दिलेलं नाही.