फाळ विझवलेलं ताक

(दोन हजार तेवीस साल, माघातली दुपार. गोंदियाच्या कडेला, फुलचूरमध्ये हर्षाचं घर. सडक अर्जुनीकडच्या गावाहून आलेली तिची आई धुरपताबाई दवाखान्यात रक्त काढून आत्ताच परतली आहे.)

हर्षा : नको उठू, आई. पाय उशीवरच राहू दे.

धुरपताबाई : माहे पाय कुठं हायेत, तेच समजून नाही राहिलं.

हर्षा : गरगरतंय का?

धुरपताबाई : गरगर नाही वो. हलकं वाटून राहिलं. पान्यावरच्या डोंग्यात पडल्यासारखं. अन् तो वरचा पंखा पान्यातून दिसल्यासारखा दिसते. हळूहळू फिरते.

हर्षा : पंखा बंद आहे.

धुरपताबाई : तरी फिरते. फिरू दे.

हर्षा : साखरपाणी घे थोडं. आराम से, घोट घोट. आज तरी बरं, सकाळी पोहे खाऊन गेली. मागच्या बारीला पौषातल्या रविवारचा उपास धरून रक्त काढायला गेली होती, सरळ नर्सच्या अंगावर पडली.

धुरपताबाई : तिच्या अंगावर पडली, म्हनून तं वाचली. चांगली भरलेली बाई होती. खालची फरशी पाहिली का तू?

हर्षा : हसू नको, पट्टी सुटेल. संध्याकाळपर्यंत काढायची नाही ती. आणि या हातानं बादली उचलायची नाही.

धुरपताबाई : काल तूच बादलीभर पानी पाजलं मले. रातभर मोरीत ये-जा.

हर्षा : म्हणून तर आज नस लगेच सापडली.

धुरपताबाई : हर्षा, ते पिशवीतलं रक्त कुठं नेलं वो तिनं?

हर्षा : टाकून देतात ते.

धुरपताबाई : टाकून? आपल्या गावच्या शालीकरामच्या नातवाले सिकल हाये. महिन्या-दोन महिन्यात त्याले रक्त लागते, अन् तो बिचारा गोंदियाले कोनाकोनाच्या पाया पडते. त्याले द्या म्हना.

हर्षा : नियमात बसत नाही, आई. तुझ्या रक्तात लोखंड साचलंय. साधं रक्त नाही ते.

धुरपताबाई : गंमतच हाये. जन्मभर बाया म्हनत आल्या, धुरपता, तुह्या अंगात रक्त नाही. अंगनवाडीतल्या लाल गोळ्या खाऊ घातल्या. अन् आता इतकं झालं का मोरीत फेका लागते.

हर्षा : जेवताना चहा घ्यायचा विसरू नको. चहानं जेवणातलं लोखंड अंगाला कमी लागतं, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

धुरपताबाई : हे एक बरं सांगतलं तिनं. आजवर सारे डाक्टर चहा सोडा म्हनत होते. देव भलं करो त्या रेणू मॅडमचं.

हर्षा : आई, मॅडमनी मला बाहेर बोलावलं होतं. तू खाटेवर पडून होती तेव्हा.

धुरपताबाई : पाहिलं मी. काचेतून दिसत होत्या तुमी दोघी. तुमचे तोंड हलून राहिले, आवाज नाही. मासोळ्या कशा बोलतात पान्यात, तशा.

हर्षा : त्या म्हणाल्या, इतक्यांदा रक्त काढलं, तर आतापर्यंत लोखंड उतरायला पाहिजे होतं. उतरत नाही. मतलब कुठून तरी पोटात जातंय. आणि लिव्हर कडक व्हायला लागलंय. असंच चालू राहिलं, तर पुढं रक्त काढूनही उपयोग नाही. ऐकते ना?

धुरपताबाई : ऐकून राहिली.

हर्षा : त्या लाल गोळ्या अजून घेते का?

धुरपताबाई : त्या तं गोळ्या वाटनाऱ्या आशाबाईले वापस देल्या.

हर्षा : लोखंडी कढई?

धुरपताबाई : तुह्या वहिनीनं माळ्यावर टाकली. भाजीची चवच गेली तेव्हापासून.

हर्षा : मग काय जातंय पोटात?

धुरपताबाई : परवा आपल्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली होती. एक दाना टिपे, दुसरा मान वर करून पाहत राहे. मंग दुसरा टिपे, पयला पाहे.

हर्षा : विषय नको बदलू, आई.

धुरपताबाई : तुह्या बाबाले यायले टाइम हाये का?

हर्षा : चौकात गेलेत, दही बघायला. बोल तू.

धुरपताबाई : तू झाली तेव्हा मी भातासारखी पांढरी पडली होती. उठता येत नव्हतं. तेव्हा सुईन म्हने, नांगराचा फाळ चुलीत लालभडक तापवा, ताकात विझवा अन् ते ताक हिले पाजा. घरात दुसरं कोन करनार? तुझी आजी तं म्हने, पोरगीच झाली, एवढं काय. मंग यायनंच, तुह्या बाबानंच केलं. मानसानं चुलीजवळ बसायचा काळ नव्हता तो. आजी हासे, सुकराम बायकोची चूल फुकते म्हने. हे बोलत नसत. फाळ तापवत. ताकात टाकला का फसकन आवाज व्हाये, अन् वास सुटे घरभर. तो वास आला का मले समजे, दिवस बुडाला.

हर्षा : लहानपणी पाहिलेलं हे मला आठवतं. पण ते तेव्हाचं ना?

धुरपताबाई : अजून देतात.

हर्षा : अजून?

धुरपताबाई : रोज. रक्त काढून गेली का दोन गिलास. म्हनतात, त्यायनं काढलं तं काढू दे, मी भरतो.

हर्षा : आई, मॅडमनी तुला समोर बसवून विचारलं होतं. घरगुती औषध, काढा, काही घेते का. तू नाही म्हणाली.

धुरपताबाई : बाजूच्या खुर्चीत हे बसले होते.

हर्षा : त्यात काय? सांगायचं ना.

धुरपताबाई : तू आपल्या नवऱ्याले सांगशील, का तुमच्या हातानं माहं लिव्हर खराब झालं?

हर्षा : आता मी सांगते बाबांना.

धुरपताबाई : नाही सांगायचं. माही आन हाये तुले. त्या मानसानं मले आपल्या मनानं कधी एक लुगडं आनलं नाही. गोड बोलनं त्याच्या तोंडातच नाही. मले त्याच्याकडून एवढंच भेटलं, रोजचं. ते जहर होतं म्हनून सांगू?

हर्षा : आणि तू पीत राहणार. मरून जाशील, आई.

धुरपताबाई : हळू. चप्पल वाजली.

सुकराम : काय वो हर्षा, तुमच्या फुलचुरात दही भेटत नाही का? सारं पाकिटातलं. हे घे, ताकाचं पाकीट आनलं. फ्रीजमधी नोको टाकू.

हर्षा : कशाला आणलं, बाबा?

सुकराम : तुह्या मायले. माही थैली आन इकडं.

हर्षा : काय आहे हिच्यात? इतकी जड.

सुकराम : फाळ हाये. मागच्या बारीले इथं मुक्काम पडला, अन् हिचं ताक राहून गेलं. यावेळी इसरलो नाही.

हर्षा : बसमध्ये नांगराचा फाळ घेऊन आले तुम्ही?

सुकराम : कंडक्टर म्हने, बुवा, हे काय हत्यार हाये? मी म्हनलो, दवाई हाये. त्यानं तिकीट फाडलं. पेटव तुहा गॅस.

हर्षा : बाबा, आज राहू द्या ना.

सुकराम : आज तं रक्त काढलं तिचं. आज नाही तं कवा? हट, मीच पेटवतो. हे असं फिरवायचं ना? पाहा, चुलीसारखा जाळ नाही याले. निळा निळा जळते, ताकद नाही. जमाना लागन लाल व्हायले. हर्षाची माय, झोपली का?

धुरपताबाई : नाही जी. पाहून राहिली तुमाले.

सुकराम : माह्यात काय पाहतेस?

धुरपताबाई : तसेच उकिडवे बसता तुमी. ओट्यासमोर उभं राहून करायचं असते ते. गॅसचा डब्बा खाली उतरवून घेतला वाटते.

हर्षा : छोटी शेगडी आहे ती. तीच फरशीवर ठेवली त्यांनी.

सुकराम : उभ्यानं काही होत नाही. आला, कोपरा लाल आला. गिलास धर, हर्षा. सर मागं. घे, झालं. आता गरम हाये तोवर पी.

धुरपताबाई : तिथं ठेवा गिलास. अन् इथं बसा, खाटेवर.

सुकराम : आधी पी.

धुरपताबाई : आज नाही पीत.

सुकराम : काऊन? मळमळ होते का?

हर्षा : बाबा, ते—

धुरपताबाई : तू थांब. मी सांगते. अजी, मॅडमनं विचारलं होतं ना, लोखंड कुठून जाऊन राहिलं म्हनून. मी तिले नाही सांगतलं. ते या ताकातून जाऊन राहिलं.

सुकराम : या ताकातून?

धुरपताबाई : हाव.

सुकराम : हे तं मी देतो.

धुरपताबाई : हाव जी.

सुकराम : हर्षा झाली तेव्हापासून देऊन राहिलो.

धुरपताबाई : हाव.

सुकराम : अन् तुले मालूम होतं?

धुरपताबाई : मागच्या बारीले मॅडम बोलली, तेव्हा समजलं.

सुकराम : मंग पित काऊन राहिलीस?

धुरपताबाई : तुमी देत होते म्हनून.

हर्षा : बाबा. इकडे बघा ना. भिंतीकडे काय बघता?

सुकराम : गॅस बंद कर. फुकट जळून राहिला.

हर्षा : बाबा, नुसत्या ताकानं नाही झालं हे. मूळ आजार आईच्या रक्तातलाच आहे, तिच्या आई-वडिलांकडून आलेला. म्हणून तर देवरीच्या प्रेमिला मावशीची तपासणी करा, माझी करा, असं मॅडम म्हणतात. ज्याला हा आजार आहे त्याच्या अंगात लोखंड आलं की राहून जातं. पण आईचं महिन्याचं होतं तोवर ते निघून जायचं—

धुरपताबाई : बापासमोर काय बोलते वो.

हर्षा : बोलू दे. ते बंद झालं, आणि मग साचत गेलं. तोवर काही बिघडलं नव्हतं, बाबा.

धुरपताबाई : उलट तेव्हा अंगाले लागलंच तुमचं ताक. मी त्याच्यानंच उठली. गावात कोनालेही विचारा.

सुकराम : गावाले कायले विचारू. तलावाच्या पाळीखालचा, पानी सोडायचा तुडूम मी खोलत आलो अन् बंद करत आलो, माह्या बापापासून. कोनाच्या बांधीत किती पानी सोडायचं, ते मले झोपेत समजे. धान पोटरीत आलं का पानी पाहिजेच. अन् तेच धान पिकलं, का पानी काढून द्या लागते. नाही काढलं तं उभं धान कुजते. साऱ्या गावाचं मले समजे. घरातलं नाही समजलं.

धुरपताबाई : घरातलं पिकलं कवा, ते मी कुठं सांगतलं तुमाले.

सुकराम : ते ताक टाकून दे, हर्षा.

हर्षा : टाकते, बाबा.

सुकराम : झाडात नोको टाकू. मोरीत टाक.

धुरपताबाई : झाडाले काय होते जी. झाडाले लागते लोखंड.

सुकराम : मले आता काहीच मालूम नाही, कोनाले काय लागते ते.

धुरपताबाई : बसा. उठता कायले?

सुकराम : बसून काय करू? दिवस बुडाला का मी काय करू आता?

धुरपताबाई : माह्याजवळ बसा. मले अजून डोंग्यातच वाटून राहिलं. एकटीले भेव लागते.

सुकराम : कोनता डोंगा?

धुरपताबाई : पयल्या दिवाळीले माह्या माहेरी मले घ्यायले आले होते ना तुमी. पानी काठोकाठ, रस्ता बुडालेला. ढिवराच्या डोंग्यात बसून आलो आपन, शिंगाड्याच्या वेलातून. तुमी पुढं, माह्याकडे पाठ करून. सारा तलाव पार झाला, तुमी एकदा मागं नाही पाहिलं.

सुकराम : मागं पाहिलं असतं तं डोंगा डुलला असता. तुले पवता येत नव्हतं.

धुरपताबाई : म्हनून नाही पाहिलं?

सुकराम : मंग कायले?

धुरपताबाई : मी इतकी वर्सं समजत होती, मी पसंत नाही म्हनून.

सुकराम : येडी हायेस. हर्षा, तो पंखा बंद कर. हिले थंडी वाजन.

हर्षा : पंखा बंदच आहे, बाबा.

*

हर्षा : हॅलो, आई? पोहोचल्या का दोघी?

धुरपताबाई : हाव. मी घरी आली. प्रेमिला सडकेवरून देवरीच्या बसमधी बसली. रस्ताभर माह्या खांद्यावर झोपली. रक्त काढलं का तिले झोपच येते.

हर्षा : मावशीचं लवकर सापडलं, म्हणून बरं. नवीन डॉक्टर म्हणत होते, हिचं लिव्हर एकदम ठीक आहे.

धुरपताबाई : डाक्टर चांगला हाये, पन रेणू मॅडमसारखा हासत नाही. कशी हाये ती नागपुरात?

हर्षा : चांगल्या आहेत. मागच्या महिन्यात फोन केला होता त्यांनी. तुझा लोखंडाचा आकडा सांगितला, तर खूश झाल्या. म्हणे, आता वर्षातून चार वेळाच रक्त काढायचं, बस झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांना वाटलं नव्हतं, इतकं उतरेल असं.

धुरपताबाई : अन् तुही तपासनी?

हर्षा : झाली. ठीक आहे. दर वर्षी करायची फक्त. बाबा कसे आहेत?

धुरपताबाई : आंगनात बसले हायेत. आज वळखलं मले. काल म्हने, बाई, तुमी कोनाकडं आल्या? मी म्हनलं, तुमच्याकडंच. तं म्हने, बसा मंग.

हर्षा : तुडुमावर जायचं म्हणतात का अजून?

धुरपताबाई : ते इसरले. तलाव इसरले, सुनेचं नाव इसरले. एक नाही इसरत. दिवस बुडाला का बेचैन होतात. विचारतात, हर्षाच्या मायले ताक देलं का मी?

हर्षा : मग? बंद केलं म्हणून सांगते त्यांना?

धुरपताबाई : पयले सांगे. सांगतलं का त्याले ते नवंच होये. तसेच भिंतीकडं पाहत बसत, जेवत नसत. मंग मी म्हनलं, एका मानसाले एकच दुःख रोज रोज कायले द्यायचं. आता म्हनते, देलं जी. पिली मी.

हर्षा : मानतात?

धुरपताबाई : मानतात. मंग जेवतात.

हर्षा : रोज खोटं बोलावं लागतं ना तुला, आई.

धुरपताबाई : खोटं कायचं वो. पिलीच ना मी, इतकी वर्सं.