कँटीनमधला कॅमेरा

वहिनी, घरची मंडळी आणि कारखान्यातले सगळे. तुम्ही पाळी संपवून थेट आप्पांच्या शोकसभेला आलात. मला बोलायची सवय नाही. आप्पांच्या शेजारच्या मशीनवर इतकी वर्षं होतो, म्हणून मला उभं केलंय. सांभाळून घ्या.

आप्पा आपल्या युनियनचे सेक्रेटरी. गडहिंग्लजकडचे, रागावले की कानडीत जायचे. चोऱ्या होतात म्हणून कंपनीनं कॅमेरे बसवले. स्टोअरला, गेटवर आणि कँटीनमध्येही. आपण म्हणालो, सगळे काढा. आप्पा म्हणाले, स्टोअरचा आणि गेटचा राहू दे, चोर आपल्यालाही नकोत. कँटीनचा काढा. आणि बाकीचं चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, बाहेर कुणाला देणार, ते करारात लिहून द्या.

तेव्हा आपण त्यांना काय काय बोललो. मालकाचा जावई म्हणालो. आपल्यातला नामदेव म्हणाला, "आप्पा, त्यात आवाज येत न्हाय की. मग भ्यायचं कशाला?"

आप्पा जेवत होते. म्हणाले, "कोण कुणाशेजारी बसतोय ते दिसतंय न्हवं? तेवढं पुरतंय त्यास्नी."

खरंच होतं. त्या दिवसांत युनियनच्या माणसांशेजारी कोण बसत होतं? ज्यांना पर्मनंट व्हायचं होतं, ती टेंपररी पोरं डबा घेऊन बाहेर ट्रकच्या सावलीला जायची.

करार झाला. कँटीनचा कॅमेरा उतरला. पुढं आपला मोर्चा निघाला, तेव्हा पोलीस गेटचं चित्रण मागायला आले. मोर्चाला कोण कोण गेलं, ते त्यांना बघायचं होतं. आप्पांनी मॅनेजरसाहेबांपुढं करार ठेवला. लेखी आदेश आणा, मग देतो, असं साहेबांनाच पोलिसांना सांगावं लागलं. आदेश काही आला नाही. त्यामुळं कुणाकुणाच्या नोकऱ्या राहिल्या, हे आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पण ते दमले होते. दवाखान्यात मला म्हणाले, करार संपला की पुन्हा तेच भांडण. याचा कायदाच असता, कंपनीलाही आणि सरकारलाही लागू होणारा, तर इतकं पळावं लागलं नसतं.

करार या महिन्यात संपतोय. कँटीनचा कॅमेरा परत लावणार, असं कंपनीनं कळवलंय. उद्या सकाळी बोलणी आहेत. आप्पांच्या जागी मी बसणार आहे. मला त्यांच्यासारखं जमणार नाही. टेंपररी पोरांपैकी कुणी दोघं सोबत या.

वहिनी, आप्पांना माझा नमस्कार. आता सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं गप्प राहू. दोनच मिनिटं.