आम्हीचं आपण

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती लेखकमहाशय म्हणजे आम्हां सगळ्यांचे भाऊ, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि दाराशी दाटीनं उभे असलेले छापखान्यातले माझे सोबती,

पंचेचाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि आपण गप्प बसायचं. आज पहिल्यांदाच माइकपुढे उभी आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

लेखकांनी किती रंग बदलले, ते पाहुण्यांनी आत्ताच गोड शब्दांत सांगितलं. आधी कामगारांचा पक्ष, मग विरोधकांचं व्यासपीठ, मग तिसराच झेंडा. शेवटी सगळ्यांनाच रामराम ठोकून, ज्यांच्याशी उभा दावा त्यांच्याच पुस्तकावरची बंदी उठवा म्हणून भर उन्हात उपोषण! वहिनी तर म्हणायच्या, आमच्याकडे कॅलेंडर लागत नाही, यांचा पक्ष पाहिला की साल कळतं. लोक कोलांटउडी म्हणतात. म्हणोत बापडे! पण पहिली कोलांटी मारली कुणी? ती मी मारली. हेच सांगायला आले आहे.

संपाचे दिवस होते. पत्रकात लेखकांनी लिहिलं होतं, 'आम्ही मागे हटणार नाही.' मी नवखी. वरच्या वाक्यात 'आपण' होतं, म्हटलं, सारखं करून टाकावं, आणि खुशाल 'आम्ही'चं 'आपण' केलं. एवढ्याशा शब्दानं काय होतं? अहो, 'आम्ही' म्हटलं की वाचणारा दाराबाहेर, 'आपण' म्हटलं की तो घरात. ते पत्रक कचेरीतल्या कारकुनांच्या हाती पडलं. लेखक त्यांना मालकाचे चमचे म्हणायचे. 'आपण' वाचून ते सगळे लेखण्या ठेवून मोर्चात आले.

पक्षात एकच गहजब. चमच्यांना 'आपण' कोणी म्हटलं? लेखक तणतणत छापखान्यात आले. मी मूळ कागद जेवणाच्या डब्याखाली सरकवला आणि नोकरीच्या भीतीनं मान खाली घातली. ते क्षणभर माझ्या टेबलाशी थांबले, मग निघून गेले. बैठकीत त्यांनी एवढंच सांगितलं, "शब्द माझाच आहे."

पक्षानं त्यांना काढलं. पुढे जिथे जिथे कुणाला दाराबाहेर ठेवायची भाषा झाली, तिथून हे चपला घालून बाहेर पडले. त्यांना टोमणे बसायचे आणि लाज मला वाटायची. आज सगळ्यांसमोर माफी मागायची, असं पक्कं ठरवलं होतं.

आणि परवा शेवटच्या कादंबरीची मुद्रितं आली. अर्पणपत्रिकेत एकच ओळ: 'डब्याखाली कागद लपवून जिने मला आपण म्हणायला शिकवीले, त्या बाईंस.'

म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मी टेबलाशी बसून ढसाढसा रडले.

संयोजकांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही चुकलं असेल तर समासात खूण करा, मी दुरुस्त करीन. 'शिकवीले'तली दुसरी वेलांटी चुकली आहे, मला दिसते आहे. ती मात्र मी तशीच ठेवली. भाऊ, ती चूक आपली आहे.